पहिली रोड बाइक घेताय? दुकानात जाण्याआधी या गोष्टी समजून घ्या

गेल्या दिवाळीत गावी, म्हणजे चिखली तालुक्यातल्या उंद्रीला गेले होते. मामेभाऊ मोबाइल घेऊन समोर बसला. स्क्रीनवर वाकड्या हँडलची, बारीक टायरची, लालभडक सायकल. किंमत ५२ हजार. "ताई, घेऊ का?" मी काही बोलायच्या आत मामाच बोलले, "एवढ्या पैशात त जुनी मोटरसायकल येते ना बे!"

मामांचं चुकीचं नव्हतं. सोयाबीनचा २०२५-२६चा हमीभाव क्विंटलला ५,३२८ रुपये आहे. म्हणजे ५२ हजारांची सायकल म्हणजे जवळपास दहा क्विंटल सोयाबीन, तेही हमीभाव पदरात पडला तर. एवढे पैसे एकदाच जाणार असतील, तर चूक करायची मुभा नसते. मी स्वतः पहिली रोड बाइक घेताना ती चूक केली आहे (ती पुढे सांगते). त्यामुळे त्या संध्याकाळी भावाला जे सांगितलं, तेच इथे जरा नीट मांडते आहे.

इंटरनेटवर या विषयावर भरपूर माहिती आहे, पण ती बहुतेक युरोप-अमेरिकेतल्या गुळगुळीत रस्त्यांसाठी लिहिलेली असते. तिकडे कोपऱ्या-कोपऱ्यावर सायकलचं दुकान असतं. आपल्याकडे सराटे असतात.

रोड बाइक म्हणजे नेमकं काय?

तालुक्याच्या दुकानात 'गेअरची सायकल' मागितली की बहुतेक वेळा माउंटन बाइकसारखी दिसणारी सायकल समोर येते. जाड टायर, पुढे झटके खाणारा सस्पेन्शन फोर्क, २१ गेअर. वजन १५ ते १८ किलो. दिसायला दणकट असते. पण डांबरी रस्त्यावर त्या स्वस्त सस्पेन्शनचा फायदा कमी आणि तोटा जास्त, कारण पायडलवर जोर दिला की त्यातला काही जोर फोर्क खाली-वर होण्यात वाया जातो.

रोड बाइक लांब अंतर डांबरावरून वेगात कापण्यासाठी बनवलेली असते. सस्पेन्शन नसतं. वजन साधारण ८ ते ११ किलो. चाकं ७०० सी मापाची. आणि हँडल बकऱ्याच्या शिंगासारखं खाली वळलेलं, ज्याला ड्रॉप हँडल म्हणतात.

हे हँडल फॅशनसाठी नाही. सायकल ताशी २० किलोमीटरच्या पुढे गेली की तुमची बहुतेक ताकद हवेला बाजूला सारण्यात खर्च होते. हवेचा विरोध वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो आणि त्याला तोंड द्यायला लागणारी ताकद घनाच्या प्रमाणात. सोप्या भाषेत, हवेपुरतं बोलायचं तर वेग दुप्पट करायला आठपट जोर लागतो. वाकून बसलं की हवेला भिडणारं अंग कमी होतं. दुसरा फायदा असा की ड्रॉप हँडल तीन-चार ठिकाणी धरता येतं, त्यामुळे चार तास सायकल चालवताना तळवे आणि खांदे एकाच जागी आखडत नाहीत.

मग तुम्हाला ती हवीच का? शाळा-कॉलेजला पाच-सात किलोमीटर जायचं असेल, मागे कॅरिअरवर सामान बांधायचं असेल, तर नको. तिथे साधी काळी सायकल किंवा सरळ हँडलची हायब्रिड बरी. आठवड्यातून दोन-तीनदा ३० किलोमीटर आणि रविवारी ६०-७० किलोमीटर चालवायची इच्छा असेल, तर रोड बाइकचा विचार करा. आधी दोन महिने घरात जी सायकल आहे तीच चालवून बघा, हे मी भावालाही सांगितलं. त्याला ते आवडलं नाही.

रोड बाइकमध्येही दोन घराणी आहेत. रेस जॉमेट्रीच्या सायकलीत हँडल खाली आणि लांब असतं, पाठ जवळपास आडवी होते. एन्ड्युरन्स जॉमेट्रीत हँडल थोडं वर आणि जवळ असतं, चाकांमधलं अंतर किंचित जास्त, त्यामुळे सायकल शांत चालते. पहिली सायकल एन्ड्युरन्सचीच घ्या. शर्यत जिंकायला लागाल तेव्हा दुसरी घ्यालच. या दोन्हींच्या पलीकडे ग्रॅव्हल बाइक नावाचा प्रकार आहे, ड्रॉप हँडल पण ४० मिलीमीटर किंवा त्याहून जाड टायर. शिवारातल्या पांदणरस्त्यांवरूनही जायचं असेल तर तो पर्याय खरंच चांगला आहे, फक्त त्याच दर्जाच्या रोड बाइकपेक्षा बहुतेकदा महाग पडतो.

सगळ्यात आधी माप

आता माझी चूक. माझी उंची १६० सेंटिमीटर. एका शहरातल्या दुकानात सवलतीत एक सायकल होती, ५४ मापाची. दुकानदार म्हणाला, "सीट खाली करून देतो, चालून जाईल." मी सवलत बघून घेतली. सीट खाली झाली, पण हँडल काही जवळ येईना. प्रत्येक वेळी हात ताणून बसायचं, ४० किलोमीटरनंतर मान आणि बोटं बधिर. छोटा स्टेम (हँडल आणि फोर्कला जोडणारा तुकडा) बसवला, मग सायकल वळताना चंचल झाली. आठ महिन्यांनी निम्म्या किमतीला विकली. मला ४९ किंवा ५० माप हवं होतं.

कपड्यात जसं माप असतं तसंच फ्रेमचंही असतं, आणि फ्रेम उसवून मोठी-लहान करता येत नाही. म्हणून ब्रँड, गेअर, रंग, सगळ्याच्या आधी हे.

घरी माप असं घ्या. अनवाणी भिंतीला पाठ लावून उभे राहा, पायांत १५-२० सेंटिमीटर अंतर ठेवा. एक जाड पुस्तक दोन्ही पायांच्या मध्ये, सायकलच्या सीटसारखं घट्ट वर दाबून धरा आणि त्याच्या वरच्या कडेपासून जमिनीपर्यंतचं अंतर दुसऱ्या कुणाला मोजायला सांगा. ही झाली तुमच्या पायांची आतली उंची. तिला ०.८८३ ने गुणलं की पायडल ज्या आसाभोवती फिरतं त्या मध्यापासून सीटच्या वरच्या पृष्ठभागापर्यंतची उंची मिळते. उदाहरणार्थ, आतली उंची ८० सेंटिमीटर असेल तर सीट ७०.६ सेंटिमीटरवर. हे काही वेदवाक्य नाही, पण सुरुवात करायला चांगला आकडा आहे. चालवताना गुडघ्याच्या पुढे दुखायला लागलं तर सीट बहुधा खाली आहे, गुडघ्याच्या मागे ताण येत असेल तर वर आहे. एका वेळी तीन-चार मिलीमीटरच हलवा.

फ्रेमसाठी कंपनीच्या वेबसाइटवर जॉमेट्रीचा तक्ता असतो. त्यात ५२, ५४ किंवा एस, एम असे आकडे-अक्षरं बघून भुलू नका, कारण एका कंपनीचं ५२ दुसऱ्या कंपनीच्या ५४ इतकं असू शकतं. दोन आकडे शोधा. स्टॅक, म्हणजे पायडलच्या आसापासून हँडलच्या नळीच्या टोकापर्यंतची उभी उंची. आणि रीच, म्हणजे त्याच दोन बिंदूंमधलं आडवं अंतर. मित्राच्या सायकलवर बसून आरामदायक वाटलं, तर तिचे हे दोन आकडे लिहून ठेवा आणि नव्या सायकलीशी ताडून बघा. दोन मापांच्या मध्ये अडकलात तर सहसा लहान माप घ्यावं. लहान सायकल थोडी वाढवता येते, मोठी लहान होत नाही.

मुलींना आणि कमी उंचीच्या मुलांना इथे जास्त त्रास होतो. दुकानात मधली मापं ठेवलेली असतात, छोटी मागवावी लागतात आणि मागवण्यापेक्षा जे आहे ते गळ्यात मारणं सोपं असतं. थांबायची तयारी ठेवा. ब्रेकचे लिव्हर बोटांना पुरतात का तेही बघा, बहुतेक लिव्हरना आत घेण्यासाठी एक छोटा स्क्रू असतो. सीटची रुंदी बसण्याच्या हाडांमधल्या अंतराप्रमाणे हवी, आणि जाड गादीची सीट म्हणजे आरामदायक सीट असं अजिबात नाही.

टायर: इथे उंद्री आणि ॲमस्टरडॅम वेगळे होतात

पंधरा-वीस वर्षांपूर्वी रोड बाइक म्हणजे २३ मिलीमीटरचा टायर आणि त्यात दगडासारखी टणक हवा, असं समीकरण होतं. नंतरच्या चाचण्यांत दिसलं की खडबडीत रस्त्यावर फार टणक टायर उलट हळू चालतो, कारण प्रत्येक खड्ड्यावर सायकल आणि माणूस दोघंही वर उडतात आणि ती ऊर्जा वाया जाते. आता व्यावसायिक शर्यतींतही २८ आणि त्याहून रुंद टायर सर्रास दिसतात.

आपल्यासाठी २८ हा किमान आकडा आणि ३२ मिळाला तर उत्तम. दुकानात नुसतं 'टायर किती' एवढंच विचारू नका. या फ्रेममध्ये जास्तीत जास्त किती रुंद टायर बसतो, हे विचारा. काही जुन्या मॉडेल्समध्ये २५च्या वर काही मावत नाही, आणि ती सायकल आपल्या जिल्ह्यातल्या रस्त्यांवर दोन महिन्यांत नकोशी होते. खरीप-रब्बीच्या दिवसांत ट्रॅक्टरच्या चाकांबरोबर काळी माती रस्त्यावर येते. पाऊस पडला की ती टायर आणि फ्रेमच्या मध्ये अशी लिंपली जाते की चाक फिरेनासं होतं. तिथेही मोकळी जागा कामाला येते.

हवा किती? साधारण ७० किलोच्या माणसाला २८च्या टायरमध्ये ७० ते ८० पीएसआय, ३२च्या टायरमध्ये ५५ ते ६५ पुरते. टायरच्या बाजूला छापलेला सर्वात मोठा आकडा ही मर्यादा असते, सल्ला नव्हे.

आता सराटे. हिवाळ्यात रस्त्याच्या कडेला सुकलेले सराटे आणि बाभळीचे काटे यांच्याशी बारीक टायरची गाठ पडणारच. उपाय तीन. टायरच्या आत पंक्चर रोखणारा पट्टा असलेला टायर घ्यायचा, थोडा जड असतो पण घ्यायचाच. ट्यूब आणि टायरच्या मध्ये लायनर टाकायचा. किंवा ट्यूबमध्ये अथवा ट्यूबलेस टायरमध्ये सीलंट भरायचं. हे पातळ रसायन छिद्रातून बाहेर येताना सुकतं आणि भोक बुजवतं. मात्र उन्हाळ्यात ते आत लवकर वाळतं, दर दोन-तीन महिन्यांनी पुन्हा भरावं लागतं. ट्यूबलेसची देखभाल गावात जमणं अवघड आहे, त्यामुळे पहिल्या सायकलीला पट्ट्याचा टायर आणि साधी ट्यूब, हे माझं मत.

आणि पंक्चरवाल्याचं काय? रोड बाइकच्या ट्यूबला बहुतेकदा प्रेस्टा व्हॉल्व्ह असतो. बारीक, लांब, टोकाला छोटी फिरकी. गावातल्या पंक्चरच्या दुकानात हवा भरायची सोय काळ्या सायकलच्या किंवा मोटरसायकलच्या व्हॉल्व्हसाठी असते. प्रेस्टाला तिथे हवा भरताच येत नाही. पन्नासेक रुपयांचा एक पितळी अडॅप्टर मिळतो, प्रेस्टावर फिरवून बसवला की मोटरसायकलवाल्या नळीने हवा भरता येते. दोन घेऊन ठेवा, एक हरवतोच. दुसरी गोष्ट, काळ्या सायकलचा २८ इंची टायर दिसायला सारखा असला तरी रोड बाइकला बसत नाही. त्याच्या रिमचं माप ६३५ मिलीमीटर असतं आणि ७०० सीचं ६२२. म्हणून टायर गावात मिळेल या भरवशावर राहू नका. घरात एक जादा टायर आणि चार ट्यूब, सायकलवर दोन ट्यूब, दोन टायर लिव्हर आणि छोटा पंप, एवढं हवंच. रिकाम्या टूथपेस्टच्या ट्यूबचा एक तुकडाही पिशवीत ठेवा. टायर चिरला तर आतून तो लावून घरापर्यंत येता येतं.

पंक्चर काढायला स्वतः शिका. पहिल्यांदा मला ४० मिनिटं लागली होती.

गेअर: आकडे मोजा, नावं नंतर

दुकानदार 'किती स्पीड' हे आधी सांगतो. तो आकडा फारसा काही सांगत नाही. बघायचं ते असं: पुढच्या चकतीला दात किती आणि मागच्या सर्वात मोठ्या चकतीला किती.

काळ्या सायकलीला साधारण पुढे ४४, मागे १८ दात असतात. पायडलचा एक फेरा मारला की सायकल सुमारे साडेपाच मीटर पुढे जाते. सपाटीला ठीक, चढाला उतरून ढकला. आता रोड बाइकवर पुढे ५० आणि ३४ अशा दोन चकत्या (याला कॉम्पॅक्ट म्हणतात) आणि मागे ११ ते ३२ असं धरा. सगळ्यात हलक्या गेअरमध्ये, ३४ आणि ३२, एका फेऱ्याला सायकल सव्वादोन मीटर जाते. मिनिटाला ६० फेरे मारले तरी ताशी आठ किलोमीटरने तुम्ही चढत राहता. सगळ्यात जड गेअरमध्ये, ५० आणि ११, एका फेऱ्याला पावणेदहा मीटर.

बुलढाणा शहर अजिंठ्याच्या डोंगररांगेवर आहे. मलकापूरकडून येताना राजूर घाट चढावा लागतो, खामगावकडून येताना बोथ्याचा घाट आणि ज्ञानगंगा अभयारण्य. मलकापूर-खामगावकडचा भाग पूर्णेच्या खोऱ्यात, बराच खाली. त्यामुळे आपल्याकडे हलका गेअर ही चैन नाही. मागे ३२ किंवा ३४ दातांची चकती असलीच पाहिजे. पुढे ५२ आणि मागे २८ असली सायकल 'रेसिंग' म्हणून कौतुकाने विकली जाते. पोट्टे ती घेतात आणि घाटात गुडघे धरून बसतात.

ग्रुपसेट म्हणजे गेअर, ब्रेक, चकत्या, साखळी यांचा एकत्र संच. शिमानो कंपनीची चढती भाजणी अशी: क्लॅरिस (मागे ८ गेअर), सोरा (९), टियाग्रा (१०), मग १०५, अल्टेग्रा, ड्युरा-एस. २०२४मध्ये शिमानोने ड्रॉप हँडलसाठीही क्यूज नावाचा नवा संच आणला, तो हळूहळू खालच्या तिघांची जागा घेतो आहे. पहिल्या सायकलीला क्लॅरिस पुरेसा आहे. सोरा मिळाला तर आनंद. आठ गेअरची साखळी स्वस्त असते, जाड असते, जास्त टिकते आणि तालुक्याच्या ठिकाणीही मिळू शकते. १२ गेअरची साखळी तुटली तर दिवस गेला.

एक गोष्ट मात्र नक्की बघा: गेअर ब्रेकच्या लिव्हरमधूनच बदलता येतो का? काही स्वस्त सायकलींत गेअरचा खटका फ्रेमवर किंवा हँडलच्या मध्यावर असतो. तो बदलायला एक हात सोडावा लागतो, आणि समोरून उसाचा ट्रॅक्टर येत असताना हात सोडायची माझी तरी हिंमत होत नाही.

ब्रेक आणि फ्रेम

रिम ब्रेक चाकाच्या कडेला दाबतो, डिस्क ब्रेक मधल्या धातूच्या चकतीला. पावसात आणि चिखलात डिस्क नक्कीच सरस, शिवाय रुंद टायर बसायला मोकळीक देतो. डिस्कमध्ये पुन्हा दोन प्रकार, तारेचा आणि तेलाचा. तेलाचा हाताला मऊ लागतो, पण त्यात हवा शिरली तर ती काढायला वेगळं साहित्य आणि जाणता मेकॅनिक हवा. उंद्रीहून असा मेकॅनिक गाठायला अकोला किंवा संभाजीनगरचा रस्ता धरावा लागणार असेल, तर तारेचा डिस्क ब्रेक घ्या. पैसे कमी असतील तर चांगला रिम ब्रेकही वाईट नाही, अनेक वर्षं जगातल्या सगळ्या शर्यती त्यावरच झाल्या.

फ्रेम ॲल्युमिनियमची, फोर्क शक्यतो कार्बनचा. कार्बन फोर्क रस्त्याची बारीक थरथर हातापर्यंत येऊ देत नाही. पूर्ण कार्बन फ्रेम हलकी असते, पण पडल्यावर आतून तडा गेला तर वरून दिसतोच असं नाही. म्हणून वापरलेली कार्बन सायकल अनोळखी माणसाकडून घेऊ नये. ॲल्युमिनियमची वापरलेली सायकल मात्र पहिल्यांदा घेणाऱ्यासाठी उत्तम सौदा ठरू शकते. फ्रेमचे जोड, विशेषतः पुढच्या नळीजवळचे आणि पायडलच्या आसाजवळचे, उजेडात नीट बघा. चाक फिरवून डुगडुगतं का बघा. सीटची दांडी वर-खाली होते का तपासा, ती आत गंजून चिकटली असेल तर सायकल तुमच्या मापाची कधीच होणार नाही. मूळ पावती मागा.

पैसे

भाव बदलत राहतात, म्हणून ढोबळच सांगते. ड्रॉप हँडलच्या नव्या सायकली २५-३० हजारांच्या आसपास सुरू होतात. क्लॅरिस किंवा सोरा संच, कार्बन फोर्क अशी 'गंभीर' म्हणावी अशी सायकल ४५ ते ७५ हजारांच्या पट्ट्यात येते. १०५ संचाची सायकल लाखाच्या पुढे. २२ सप्टेंबर २०२५पासून सायकल आणि सुट्या भागांवरचा जीएसटी १२ टक्क्यांवरून ५ टक्क्यांवर आला आहे, तेव्हा जुन्या दराचं कोटेशन कुणी पुढे करत असेल तर विचारा.

सायकलच्या किमतीवर सगळं बजेट उडवू नका. हेल्मेट, पुढचा-मागचा दिवा, जमिनीवर ठेवून मारायचा आणि दाब दाखवणारा पंप, ट्यूब, ॲलन की, पाण्याच्या बाटल्या आणि त्यांचे पिंजरे, आतून पॅड असलेली शॉर्ट. याला सहज सात-आठ हजार लागतात. ५० हजार हातात असतील तर सायकल ४२ची बघा. पॅडची शॉर्ट मी तीन महिने टाळली होती, लाजेने. गावात ती घालून फिरणं अवघड वाटतं हे खरं. वरून साधी हाफ पँट घालता येते.

विकत घेताना एक धोका ऑनलाइन मागवणाऱ्यांना असतो. सायकल खोक्यात अर्धवट जोडलेली येते, आणि ती जोडायला आपण जवळच्या मेकॅनिककडे नेतो. डाव्या पायडलचे आटे उलटे असतात, ते डावीकडे फिरवून घट्ट होतं. हे माहीत नसलेल्या माणसाने जोर लावून उजवीकडे फिरवलं की क्रँकचे आटे गेलेच. भावाच्या मित्राची नवी सायकल पहिल्याच दिवशी अशी गेली. पायडलवर एल आणि आर छापलेलं असतं. तुमचा सायकलवाला कितीही जुना जाणता असला तरी त्याच्या शेजारी उभं राहून हे सांगा, त्याला राग येणार नाही अशा पद्धतीने.

घेतल्यावर जायचं कुठे?

नागपूरचे डॉ. अमित समर्थ यांनी २०१७ साली रेस अक्रॉस अमेरिका ही सुमारे ४,८०० किलोमीटरची शर्यत एकट्याने, १२ दिवसांच्या मुदतीत पूर्ण केली. त्याच वर्षी लेफ्टनंट कर्नल श्रीनिवास गोकुलनाथ हे ती एकट्याने पूर्ण करणारे पहिले भारतीय ठरले. त्याआधी २०१५ मध्ये नाशिकचे डॉ. हितेंद्र आणि डॉ. महेंद्र महाजन या भावांनी ती जोडीने पूर्ण केली होती. म्हणजे लांब अंतराची सायकलिंग महाराष्ट्राला, विदर्भाला नवी नाही.

आपल्यासारख्यांसाठी ब्रेव्हे नावाचा प्रकार जास्त जवळचा आहे. भारतात ऑडॅक्स इंडिया रँडोनर्सच्या छत्राखाली वेगवेगळ्या शहरांतले क्लब त्या भरवतात. २०० किलोमीटर साडेतेरा तासांत, ३०० वीस तासांत, ४०० सत्तावीस तासांत, ६०० चाळीस तासांत. पहिला-दुसरा नंबर काढत नाहीत, वेळेत पोचलात की झालं. दिवे आणि चमकणारं जाकीट यांचे नियम कडक असतात, पण रोड बाइकच हवी असा नियम नाही. लोक साध्या सायकलींवरही २०० पूर्ण करतात. भावाच्या हट्टावर माझा हा सगळ्यात मोठा मुद्दा होता.

सरावासाठी चिखली किंवा खामगावचा रस्ता आहेच. मनात लोणार असेल तर मेहकरमार्गे जा. समृद्धी महामार्ग जिल्ह्यातून जातो आणि त्याचं डांबर-काँक्रीट बघून जीव जळतो, पण तिथे दुचाकींनाच बंदी आहे, सायकलचा प्रश्नच नाही. मार्च ते जून पहाटे पाचला निघून नऊच्या आत घरी यायचं. मात्र पहाटेच रोही आणि रानडुकरं रस्ता ओलांडतात, आणि पळत्या रोह्याचा अंदाज कुणालाच येत नाही. त्यामुळे पुढचा दिवा नुसता लुकलुकणारा नको, रस्ता दाखवणारा हवा. बोथ्याकडे अंधारात एकट्याने जाऊ नका.

पहिले दोन-तीनशे किलोमीटर झाले की नव्या तारा ताणतात आणि गेअर खरखरायला लागतो. हा बिघाड नाही, गेअरच्या तारेचा ताण थोडा वाढवला की बसतो. स्पोकही तेव्हाच एकदा तपासून घ्या. साखळी दर आठवड्याला फडक्याने पुसून तेलाचा एक-एक थेंब द्या, मोटरसायकलचं जुनं ऑइल ओतू नका, त्यावर धूळ बसून कानस तयार होते. साखळी झिजली का हे पट्टीने कळतं: नव्या साखळीत २४ कड्या बरोबर १२ इंच भरतात. तेच अंतर १२ इंच आणि एक अष्टमांश इतकं झालं, की साखळी बदलायची वेळ होऊन गेली आहे आणि मागच्या चकत्याही बहुधा गेल्या.

मामेभावाने ती लाल सायकल घेतली नाही. त्याची आतली उंची ७८ सेंटिमीटर निघाली आणि सवलतीत होती ती ५८ मापाची. सध्या तो वडिलांच्या जुन्या सायकलला नवे टायर टाकून अमडापूरपर्यंत जाऊन येतो आणि दर रविवारी मला वेगवेगळ्या फ्रेमचे स्टॅक-रीच पाठवतो. मामा अजून मोटरसायकलचंच म्हणतात.